आज कितवा दिवस?

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं कालनिर्णय लटकलेलं असतं. त्यावर दुधाचा हिशोब, सिलेंडर कधी लावलं ती तारीख, कपाशीला फवारणी कधी झाली ते, आणि मागच्या तीन वर्षांपासून लाल पेनानं काढलेले बारके गोल. ते माझे. पुतणीचे हिरव्या पेनाचे असायचे, आता ती अमरावतीला होस्टेलवर आहे तर फोनमध्ये मांडते. घरातल्या पुरुषांना आधी वाटलं दूधवाल्याचे खाडे आहेत, मग मी सरळ सांगितलं की पाळीच्या तारखा आहेत. काही आभाळ कोसळलं नाही.

मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, मासिक पाळीचा धडा दरवर्षी फळ्यावर ग्राफ काढून शिकवते, पण स्वतःच्या तारखा लिहायची सवय काही त्या धड्यातून लागली नाही. ती लागली मोठीमायमुळे. मोठीमाय म्हणजे ह्यांच्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, सत्तरीची, आता सगळ्या गावाचीच मोठीमाय. आमचं गाव अचलपूर तालुक्यातलं, मागे सातपुड्याचे डोंगर दिसतात, परतवाड्याच्या बाजारात मेळघाटातून उतरलेल्या कोरकू बाया मुळ्या, साली, डिंक घेऊन बसतात आणि मोठीमायची त्यांच्याशी जुनी ओळख. तिच्या खाटेखाली पत्र्याचा डबा असतो. सुंठ, ओवा, बाळंतशोपा, मेथी, अळीव, डिंक, वाळवलेली जास्वंदाची फुलं, आणि सुतळीनं बांधलेली शतावरीच्या मुळ्यांची जुडी.

गावातली कोणतीही पोट्टी पोट धरून आली की मोठीमाय डबा उघडायच्या आधी एकच विचारते, "आज कितवा दिवस व माय?"

पोरीला सांगता आलं नाही तर डबा उघडतच नाही. आधी आठव म्हणते. पोळ्याच्या आधी आलती का नंतर, शाळेत झेंडा होता तेव्हा का? असं करत करत दिवस काढते. पहिला-दुसरा असेल तर सुंठ-गुळाचा काढा, आणि तव्यावर गरम केलेल्या सुती कापडाचा शेक. पाळी यायच्या चार दिवस आधी पोट गच्च झालंय म्हणून आली तर ओवा आणि काळं मीठ. पाळी होऊन गेली, चेहरा उतरलाय, तर अळिवाची खीर. आणि कोणी तारीख उलटली म्हणून "आणून दे" म्हणायला आली तर काहीच देत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं म्हातारीचं आपलं शास्त्र वाटायचं. नंतर नीट वाचायला लागले तेव्हा कळलं की सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तीच विचारत होती, कारण बाईचं शरीर पाच तारखेला जे असतं ते वीस तारखेला नसतं, आणि पाला-मुळी-बी काय करणार हे ती त्यातल्या कोणत्या दिवशी पोटात जाते त्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

थोडं खोलात जाते, कारण हे समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. रक्त दिसलं तो पहिला दिवस. त्याच सुमाराला मेंदूखालची पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी एफएसएच नावाचं हार्मोन सोडायला लागते, त्यानं अंडाशयातली एक पुटी, म्हणजे अंड्याची बारकी पिशवी, वाढते, ती पुटी इस्ट्रोजन हे हार्मोन बनवते आणि त्या इस्ट्रोजननं गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. मग त्याच ग्रंथीचं एलएच हे दुसरं हार्मोन एकदम उसळतं, अंडं बाहेर पडतं, आणि जी रिकामी पुटी उरते ती पिवळी होऊन प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवते, साधारण बारा ते चौदा दिवस. गर्भ राहिला नाही तर ती वाळते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं, अस्तराचा आधार जातो, पाळी. म्हणजे पाळी लांबली की बहुतेक वेळा पहिला अर्धा लांबलेला असतो, अंडंच उशिरा सुटलेलं असतं. टेन्शन, ताप, जागरण, खूप उपास, काहीही कारण असतं. दुसरा अर्धा फारसा हलत नाही.

आता सुंठ बघा. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती गर्भाशयाला आवळतात, त्याचीच ती कळ. तीच द्रव्यं आतड्यालाही ढकलतात म्हणून पहिल्या दिवशी बऱ्याच जणींना जुलाब होतात, मळमळतं. मेफेनॅमिक ॲसिडची जी गोळी आपण मेडिकलमधून आणतो ती हे प्रोस्टाग्लँडिन बनायचंच अडवते, आणि आल्यातली तिखट द्रव्यं तेच काम करतात, हळू पण करतात. इराणमध्ये 2009 साली 150 मुलींवर हे करून बघितलं, एका गटाला सुंठेची पूड 250 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दुसऱ्याला मेफेनॅमिक ॲसिड, तिसऱ्याला आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची दुसरी गोळी, पहिले तीन दिवस, आणि दुखणं कमी व्हायच्या बाबतीत तिन्ही गटांत फरक आढळला नाही. पण वेळेवर घ्यायला पाहिजे, कळ सुरू झाली की लगेच. द्रव्य बनून गेल्यावर, पोरगी घामाघूम होऊन गोधडीत गोळा झाल्यावर काढा दिला तर तो काय अडवणार! मोठीमाय हे तिच्या भाषेत सांगते, "पानी नालीतून वाहून गेल्यावर बांध घालून काय फायदा?"

ओव्याचंही तसंच. पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत प्रोजेस्टेरॉनमुळं आतड्याचे स्नायू सैल पडतात, अन्न हळू सरकतं, गॅस धरतो, साडीची गाठ काचते. हे हार्मोनचंच काम आहे, पण ओवा हार्मोनला हात लावत नाही, तो फक्त गॅस मोकळा करतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण सगळ्याच जडीबुटीला "हार्मोन बॅलन्स करते" असं एकच लेबल चिकटवतो, रीलमध्ये तर दर दुसरी बाई तेच सांगते, पण डब्यातल्या बहुतेक वस्तू हार्मोनला न शिवता हार्मोनमुळं झालेला त्रास कमी करतात. तेही मोठंच काम आहे, नाव मात्र खरं घ्यावं.

खरोखर हार्मोनच्या जागेला जाऊन भिडणाऱ्या दोन वस्तू आमच्या शेतातच आहेत आणि त्या डब्यात नाहीत याची मला गंमत वाटते. सोयाबीन आणि जवस. एक खरिपाचं, दुसरं रब्बीचं. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन असतात. जवसात लिग्नन असतात, त्यांचं आपल्या आतड्यातले जिवाणू वेगळ्या रूपात रूपांतर करतात. या दोघांची ठेवण इस्ट्रोजनसारखी, म्हणून इस्ट्रोजन जिथं बसतं तिथं हेही जाऊन बसतात, पण जोर फार कमी. मी वर्गात मुलींना एसटीचं उदाहरण देते. परतवाडा-अमरावती गाडी भरलेली आहे आणि मोठ्या माणसाच्या सीटवर लहान पोरगं बसलं तर एका मोठ्याची जागा गेली. पण गाडी रिकामी असली तर तेच पोरगं बसल्यानं निदान सीट भरल्यासारखी दिसते. शरीरात इस्ट्रोजन भरपूर असताना ही वनस्पतीची द्रव्यं त्याची जागा अडवून असर थोडा कमी करू शकतात, पाळी थांबण्याच्या वयात इस्ट्रोजन आटलेलं असताना तीच द्रव्यं थोडासा असर देऊ शकतात. वस्तू तीच, बाईचं वय वेगळं, दिवस वेगळा, परिणाम उलटा.

1993 साली छापलेला एक अभ्यास आहे, नियमित पाळी असलेल्या 18 बायांना रोज 10 ग्रॅम जवसाची पूड दिली, म्हणजे साधारण दीड मोठा चमचा, तर पाळीचा दुसरा अर्धा सरासरी 11.4 दिवसांवरून 12.6 दिवस झाला. पुढच्या वर्षी ब्रिटनमधला एक अभ्यास आला, 6 बायांना महिनाभर रोज 60 ग्रॅम सोयाचं प्रथिन दिलं, त्यात पहिला अर्धा लांबला आणि मधली एलएचची उसळी दबली. अठरा आणि सहा म्हणजे आमच्या महिला बचत गटाएवढ्याच बाया झाल्या, त्यावरून नियम काढू नये. पण खरिपाचं पीक पहिल्या अर्ध्याला हात लावतं आणि रब्बीचं दुसऱ्याला, हे वाचलं त्या रात्री मी कितीतरी वेळ जागी होते. आमच्याकडं सोयाबीन निघालं की मार्केटला जातं, तेल-ढेप होते, घरात क्वचित वडी येते. जवसाची चटणी मात्र आमच्या जेवणात आहेच, भाजून, लसूण-तिखट घालून खलबत्त्यात कुटलेली. कुटलेली हे बरं, कारण अख्खं जवस तसंच पोटातून निघून जातं.

पुतणीनं एक रील दाखवली होती, पहिले चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, नंतरचे चौदा दिवस तीळ आणि सूर्यफूल, म्हणजे म्हणे हार्मोन सरळ. मी तिला म्हटलं बिया खा, चांगल्याच आहेत, पण त्या जवसाच्या अभ्यासात बायांनी तीन पाळ्या सलग रोज जवस खाल्लं होतं, आणि फरक पडला तो दुसऱ्या अर्ध्यात, जेव्हा या रीलवाल्या जवस बंद करायला सांगतात. ती म्हणाली, "काकू, तुम्ही ना सगळ्याची मजाच घालवता." पण नंतर हिरव्या पेनानं गोल काढायला तिनंच सुरुवात केली.

"आणून दे"वाल्यांचं सांगायचं राहिलं. तीळ-गूळ, कच्ची पपई, गाजराचं बी, मेथीचा काढा, गावोगाव हेच चालतं. शेजारच्या वहिनीनं दोन वर्षांआधी आठ दिवस वर गेले म्हणून तीन दिवस असला काढा घेतला, मग मोठीमायकडं आली. मोठीमायनं डबा बाजूला सारला, तारीख विचारली, आणि मला म्हणाली, "आशाताईकडून थे पट्टी आण पहिले." गर्भ राहिला का ते बघायचं निश्चय किट म्हणतात ते, आशाताईकडं मिळतं. दोन रेघा आल्या. आता तो पोरगा अंगणात आमच्या कोंबड्यांच्या मागं पळतो. वहिनी अजून त्या तीन दिवसांचं आठवून त्याच्या पाठीवरून हात फिरवते.

आणि याच्या उलट, लांबवायची गोळी. महालक्ष्म्या आल्या, घरात लग्न निघालं की मेडिकलवर पोरीबाळी नॉरएथिस्टेरॉन मागतात. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं, कारखान्यात बनवलेलं हार्मोनच आहे ते. तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतलं की शरीराला वाटतं प्रोजेस्टेरॉन अजून उतरलं नाही, अस्तर टिकतं, गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी. म्हणजे पुन्हा दिवसाचाच प्रश्न, दिवस चुकला की गोळीही चुकते, आणि ज्यांना रक्ताच्या गुठळीचा त्रास होऊन गेला आहे त्यांनी तर न विचारता घेऊच नये. या हार्मोनच्या गोळ्यांचा उगमसुद्धा रानातल्या कंदात आहे! 1940 च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन केमिस्टनं मेक्सिकोच्या रानटी कंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवलं, आपल्याकडच्या करांद्याच्याच जातकुळीतला कंद. पण ते बनलं प्रयोगशाळेत, आपल्या पोटाला ती कला येत नाही, म्हणून कंद उकडून खाल्ला तर पोट भरतं, प्रोजेस्टेरॉन होत नाही.

आता माझं सांगते, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले.

एक्केचाळिसाव्या वर्षी माझी पाळी आठ-आठ, नऊ-नऊ दिवस जायला लागली. गाठी पडायच्या. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राहताना मागं डाग तर नाही ना हीच भीती. मोठीमायला सांगायची लाज वाटली, मी शिकलेली ना. तालुक्याच्या एका जडीबुटीच्या दुकानातून अशोकाच्या सालीची पूड आणली, अशोक हा जास्त रक्त जाण्यावरचा आपल्याकडचा जुना उपाय, आणि ताकदीसाठी शतावरी कल्प. सहा महिने सकाळ-संध्याकाळ काढा उकळला. कडूतुरट वास अख्ख्या घराला लागला होता. तारखा लिहिल्या नाहीत, किती कपडे बदलले ते मोजलं नाही, "मागच्यापेक्षा बरं वाटतंय" असं स्वतःलाच सांगत राहिले.

मग एक दिवस कॉलेजच्या मागच्या गेटनं आत आले तर कंपाउंडच्या कडेची अशोकाची झाडं कमरेएवढी सोललेली. खाली ओली लाल-भुरी लाकडं उघडी पडलेली, त्यावर मुंग्या. शिपाईदादाला विचारलं तर म्हणाले, "मॅडम, थो जडीबुटीवाला येते ना, बायायच्या औषधाले नेते." मी तिथंच उभी राहिले. कारण ती झाडं अशोकाची नव्हतीच, म्हणजे औषधाच्या अशोकाची नव्हती. सरकारी ऑफिसांच्या, शाळांच्या कडेनं खांबासारखी सरळ वाढणारी, लांब नागमोडी पानांची, हिरवट फुलांची, त्यांना आपण अशोक म्हणतो पण ते कुळच वेगळं. खरा सीताअशोक पसरट, त्याच्या फुलांचे केशरी-लाल गुच्छ येतात, कोवळी पानं तांबूस लोंबतात. खरा आता रानात इतका कमी झालाय की त्याची नोंद धोक्यातल्या झाडांमध्ये आहे, आणि त्याच्या सालीच्या नावावर बाजारात ही दुसरी साल सर्रास मिसळली जाते. मी हे झाड मुलांना दाखवून शिकवलेलं आहे. पण पूड झाल्यावर कोणती साल कोणत्या झाडाची हे मला कुठून दिसणार होतं! माझ्या डब्यातली पूड त्याच झाडांची होती असं मी छातीवर हात ठेवून नाही म्हणू शकत. पण त्या दिवशी घरी येऊन मी ती उकिरड्यावर टाकली आणि मोठीमायच्या खाटेवर जाऊन बसले.

तिनं विचारलं, "कितवा दिवस?" मी म्हटलं, अकरावा, अजून जातंय. ती उठली, देवळीतली चपल काढली आणि म्हणाली, "चाल दवाखान्यात. माह्या डब्यात याचं काही नाही."

हिमोग्लोबिन 6.8 एवढं कमी आलं. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयात लिंबापेक्षा थोडी मोठी गाठ. खऱ्या अशोकानंही ती विरघळली असती असं मानायला आधार नाही. आणि फायब्रॉइड इस्ट्रोजन-प्रोजेस्टेरॉनवरच पोसतो, त्यामुळं सहा महिने इस्ट्रोजनच्या वळणाची म्हणून ओळखली जाणारी शतावरी मी न विचारता घेत होते हे डॉक्टरांना सांगताना माझा आवाज बसला. शतावरी वाईट नाही, बाळंतिणीला आमच्याकडं देतातच, पण गाठ असलेल्या बाईनं कोणाला न विचारता महिनोन्‌महिने घेऊ नये हे माझं ठाम मत आहे. लोहाची सलाईन लागली, रक्त जायच्या दिवसांपुरती ते कमी करणारी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी दिली, आणि चार महिन्यांनी गाठ काढली, पिशवी ठेवली. गावात मात्र सगळ्या म्हणत होत्या, पोरं झाली ना, पिशवीच काढून टाक.

दवाखान्यातून आल्यावर पडल्या पडल्या मी राणी बंग आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास पुन्हा वाचला. 1989 साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला होता तो. दोन गावांतल्या 650 बाया तपासल्या, त्यात 92 टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. मी कॉलेजात शिकवणारी, पगार घेणारी, मोबाईलवर जगभरचं वाचणारी, आणि सहा महिने मी त्या 92 मध्ये होते, 8 मध्ये नव्हते. त्या दिवशी कालनिर्णयावर पहिला लाल गोल काढला.

मोठीमाय रोज तिथूनच पाणी प्यायला जाते. ती कधी काही बोलली नाही त्या गोलांवर, फक्त एकदा म्हणाली, "आमचे कोनं मांडले व? दोन पावसाळ्यात एक लेकरू, तोच हिशोब."

मागच्या मार्गशीर्षात दुधाचा हिशोब करताना मला तीन गोल जास्तीचे दिसले. माझी पाळी होऊन दहा दिवस झाले होते. गोलही माझे नव्हते, वाकडे, पेन दाबून दाबून काढलेले, एक तर चौकोनाच्या बाहेर गेलेला. पुतणी तर अमरावतीला. घरात पेन धरणारं दुसरं कोणी बाईमाणूस नाही, आणि मोठीमाय तर सहीच्या जागी अंगठा देते.

पाळी थांबून वीस वर्षं झालेल्या बाईला एक थेंब जरी दिसला तरी तपासायचं असतं, हे मी तिच्यासमोर कितीदा बोलले होते, कोणाकोणाला सांगताना. रिपोर्ट चांगला आला, साधा पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब निघाला, काढला, हे आधीच सांगून टाकते. पण त्या सकाळी सातच्या गाडीत आम्ही दोघी काहीच बोललो नाही, ती खिडकीतून तुरीकडं बघत होती. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनं विचारलं, आजी, कधीपासून दिसतंय, किती दिवस झाले? मी सांगायला तोंड उघडलं तर मोठीमायनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, कमरेची चंची सोडली, आणि त्यातून कालनिर्णयाचं चार घड्या केलेलं पान काढून टेबलावर पसरवलं.